रक्ततपासणी आणि प्लास्टिकचा कचरा

प्रश्न : मला मधुमेह आहे. दर तपासणीला सुई, नळ्या, कापूस वाया जातो. हे सगळं जाळतात असं ऐकलं. प्रदूषण नको म्हणून तपासण्या कमी करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची कळकळ रास्त आहे, पण गरजेची तपासणी मुळीच टाळू नका. शिवाय सगळं जाळलं जात नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताच्या प्लास्टिक नळ्या लाल पिशवीत जातात; त्या निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला देतात. पिवळ्या पिशवीतला रक्ताळलेला कापूस मात्र बहुधा भट्टीतच जातो.

ऑस्ट्रेलियातल्या 2020 च्या एका अभ्यासात रक्ताच्या एका साध्या तपासणीचा कार्बन भार सुमारे 116 ग्रॅम आढळला, आणि त्यातला मोठा वाटा नमुना घेण्याच्या साहित्याचा होता. म्हणून शक्य त्या तपासण्या एकाच वेळी रक्त देऊन करा. जुने रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा होणार नाहीत. साखर आटोक्यात असेल तर एचबीए1सी ही साखरेची तपासणी वर्षातून दोनदा पुरते का, हे त्यांनाच विचारा.

घरी ग्लुकोमीटर वापरत असाल, तर सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. जाड डब्यात बंद करून, त्यावर ‘सुया’ असं लिहून वेगळ्या द्या. सफाई कामगारांचे हात सांभाळा.