स्काय बेटावरील जातें

संग्रहालय म्हटलें कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें राजांच्या तलवारी, सोन्याचीं नाणीं व भग्न मूर्ति उभ्या राहतात. ज्या स्कॉटलंडांतून डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले, त्याच देशाच्या वायव्येस स्काय नांवाचें बेट आहे. तेथें किल्मूर गांवीं १९६५ सालीं उघडलेलें एक संग्रहालय मात्र अगदीं निराळें आहे. गवतानें शाकारलेलीं थोडींशीं जुनीं घरें, हेंच तें संग्रहालय. छपरांच्या कडांना धोंडे टांगलेले आहेत. नाहींतर समुद्रावरचा वारा छप्पर उचलून नेईल. आंत शेतकऱ्याचें बिऱ्हाड, विणकराचें घर, लोहाराची भट्टी, आणि गरिबांच्या नित्य हातांत असणाऱ्या वस्तु. अशा वस्तु वाचावयास शिकलें पाहिजे.

त्या बेटांवरील जुना दिवाच पाहा. लोखंडाच्या दोन पसरट वाट्या, एकीखालीं एक. वरच्या वाटींत माशांच्या यकृताचें तेल आणि लव्हाळ्याच्या गराची वात. गळलेलें तेल खालच्या वाटींत सांचे, तें पुन्हां वर ओतीत. एक थेंबहि वांया जाऊं नये, हें त्या दिव्याच्या घडणींतच आहे.

तेथील शेतकऱ्याचें पायानें दाबावयाचें औजार तर आणखी बोलकें आहे. वांकड्या लांब दांड्यास लोखंडी फाळ आणि पाऊल ठेवण्यास खुंटी. मनुष्य मागें मागें सरत जमीन उलथी. बैलाघोड्यांचा नांगर कां नाहीं? जमिनीचा तुकडा लहान व खडकाळ म्हणून. आणि अशी जमीन वांट्यास कां आली? एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनीं चांगल्या जमिनी मेंढ्यांच्या कळपांस दिल्या व पुष्कळ कुटुंबांस समुद्रकांठच्या धोंड्यांवर लोटलें, हें त्याचें एक मोठें कारण. १८८२ सालीं याच बेटावर ब्रेझ येथें कुळांची व पोलिसांची चकमक झाली. १८८६ च्या कायद्यानें कुळांस जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला.

परंतु आपणांस सर्वांत जवळची वाटेल ती वस्तु म्हणजे जातें. डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७७३ सालीं स्कायवर गेले होते. पाणचक्की जेथें दूर पडे तेथें बायका घरींच ओट धान्य दळीत, असें त्यांनीं आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केलें आहे. दोन वाटोळ्या तळ्या, वरचीच्या मध्यें भोंक, एका बाजूस लांब दांडा. एका हातानें दाणे सोडावयाचे, दुसऱ्यानें फिरवावयाचें. दळतांना त्या स्त्रिया गात असत. जात्यावरच्या ओव्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस यापुढें सांगावयास नको!

या साध्या दगडावरहि सत्तेची नजर होती. स्कॉटलंडांत पुष्कळ ठिकाणीं कुळांनीं जमीनदाराच्याच गिरणींत दळावें व धान्याचा वांटा तेथें द्यावा असें बंधन असे. तें चुकूं नये म्हणून घरचीं जातीं फोडल्याचे प्रकारहि घडले. पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत, जातें किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण तसें करणें म्हणजे माणसाच्या प्राणावरच हात घालणें होय. लहानपणीं हें वचन पाठ करतांना त्यांतील दगड किती जड आहे हें ध्यानांत येत नाहीं. एका जात्यावर घराची भाकर अवलंबून असते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या परसांत एखादें जातें तुळशीजवळ किंवा पायरीशीं पालथें पडलें असेल. आजीस विचारा: तें कोणत्या गांवाहून आलें? टांकी लावावयास कोण येई? त्यावर कोण कोण दळीत असे? पालकांसहि विनंति आहे कीं, मुलें विचारतील तेव्हां हातचें काम क्षणभर बाजूस ठेवावें. उत्तरें वहींत आजीच्याच शब्दांत उतरून घ्या, आणि दांड्याचा अथवा खुंट्याचा लांकडी भाग हातानें कोठें झिजला आहे, तेंहि चित्र काढून दाखवा.