पावसाळा आणि सागवानी जमीन

प्रश्न : वर्तकनगरच्या आमच्या घरातील सागवानी जमीन रोज फिनाइलच्या पाण्याने पुसली जाते. पावसाळ्यात फळ्यांच्या कडा उचललेल्या दिसतात. उपाय काय?

उत्तर : येऊरच्या डोंगरापासून जवळच असलेल्या आपल्या वस्तीत आषाढ-श्रावणात हवाच इतकी दमट असते की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, आणि त्यात नित्याच्या ओल्या पोतेऱ्याची भर पडली म्हणजे सांध्यांत मुरलेले पाणी फळ्यांच्या कडा वर उचलते; सबब बादली व पोतेरे ही वहिवाट प्रथम बरखास्त करावी. मऊ कुंच्याने रेती काढावी, कारण पॉलिशवर खरे ओरखडे पादत्राणांबरोबर आलेल्या कणांनीच पडतात. नंतर घट्ट पिळलेले फडके रेषांच्या दिशेने फिरवून लागलीच कोरड्याने टिपावे. फिनाइल, सोडा, व्हिनेगर वर्ज्य.

दाराजवळ, जेथे वर्दळ अधिक, पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा : तो मोत्यासारखा उभा राहिला तर लेप शाबूत आहे, मुरून काळसर डाग उमटला तर तेथे नवा लेप देणे क्रमप्राप्त आहे. उचललेल्या कडांवर मात्र तूर्त रंधा मारू देऊ नका. सुतार मोठ्या उत्साहाने तसे सुचवील; परंतु दिवाळीनंतर लाकूड सुकून बसले की त्याच कडा खाली जाऊन प्रत्येक फळीचा मध्य उंच दिसू लागेल.