चिखलात रुतलेले चाक

तंजावर परिसर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेला आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि भातशेतांमधील मातीच्या वाटा निसरड्या होतात. अशा वाटेने एकट्याने मोटार नेताना चालकाच्या संयमाची परीक्षा होते.

चाक रुतले की मनुष्य घाबरून वेग वाढवतो. चाक जागीच फिरते, खालची माती उकरते आणि गाडी अधिकच खोल जाते. म्हणून चाक जागीच फिरू लागताच थांबावे. आलेली वाट बहुधा टणक असते. त्यामुळे मागे येणेच श्रेयस्कर. चाकांमागचा चिखल काढून तेथे पेंढा किंवा नारळाच्या झावळ्या अंथराव्यात. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास त्याचा जमिनीशी स्पर्श वाढतो व पकड सुधारते. पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी. चाके सरळ ठेवून गाडी सावकाश मागे घ्यावी.

दोनतीन प्रयत्न फसल्यास ११२ या क्रमांकावर मदत मागावी. पाणी चढू लागल्यास गाडीचा मोह सोडून उंचावर जावे. निघण्यापूर्वीच मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगितलेली असेल, तर एकटा प्रवासीही निराधार नसतो.

विचार करा : रुतलेल्या गाडीचा वेग वाढवणे घातक का ठरते?