सल्लागाराची पारख

पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावरून कोणताही जुना व्यापारी सौदा करीत नाही. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसून तो आतला दाणा हातावर घेतो, दाताखाली फोडून ओल पाहतो आणि मगच भाव बोलतो. धंद्याचा सल्लागार नेमताना मात्र हीच सावधगिरी गळून पडते, असे अलीकडे आमच्या वारंवार पाहण्यात आले; म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. सनदी लेखापाल हे नाव १९४९ च्या कायद्याने बांधलेले आहे. परीक्षा, उमेदवारी व संस्थेचे सभासदत्व यांवाचून ते कोणास लावता येत नाही. २०१९ पासून त्याच्या दाखल्यावर स्वतंत्र ओळखक्रमांक असतो व तो पडताळूनही पाहता येतो. ‘व्यवसाय सल्लागार’ या पाटीस असे कोणतेच बंधन नाही. काल विमा विकणारा गृहस्थ आज ती पाटी लावू शकतो, आणि त्यात बेकायदेशीर असे काही नाही. अर्थात पारखण्याचा सारा भार आपल्यावरच येऊन पडतो.

आमच्या पेढीवर एक गृहस्थ आले. पंचवीस वर्षांचा अनुभव, इंग्रजी उत्तम, कागद गुळगुळीत. कर्ज काढून मोठी वखार बांधावी, हंगामात गहू भरावा व आषाढात काढावा, असा त्यांचा सल्ला. आम्ही एवढेच विचारले, की साठ्याच्या मर्यादेचे काय? त्यांना ती ठाऊकच नव्हती! १२ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने गव्हावर मर्यादा घातली, तेव्हा घाऊक व्यापाऱ्यास ३,००० टन ठेवता येत होते. सप्टेंबरात ते २,००० झाले, डिसेंबरात १,००० आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अवघे ५००. मर्यादा अशी उतरत गेली तरी वखारीचे हप्ते उतरत नसतात. अशा सल्ल्यापायी वडिलोपार्जित भांडवल व भावाभावांतील भागी दोन्ही मोडू शकतात.

यास्तव प्रश्न आपल्या धंद्यातला व अगदी बारीक असावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर लागला. मग ३० किलोच्या पोत्याचे काय? ज्याने धान्याच्या पेढीचे काम खरोखर केले आहे तो हे झोपेतही सांगेल. दुसरे एक सल्लागार आले, ते मात्र योजना बोललेच नाहीत. ‘आधी तीन वर्षांची उधारीची खतावणी दाखवा’ म्हणाले, आणि एका प्रश्नास ‘हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असेही म्हणाले. आमचा कल त्यांच्याकडे झुकला तो तेथेच.

पूर्वीच्या अशिलांची नावे ते देतील, ती ठीकच आहेत. पण ज्या डाळगिरणीचे काम सोडून दोन वर्षे झाली तेथे जाऊन विचारावे, की यांचे कोणते म्हणणे चुकले? मेहनतानाही पाहावा. मंजूर होणाऱ्या कर्जावर शेकडा घेणारा हा दलाल होय. दलाली हा प्रामाणिक धंदा आहे, आमचे अर्धे आयुष्य दलालांच्या संगतीत गेले. परंतु दलालाने दलाल म्हणूनच यावे.

घरातील शिकलेल्या मुलांस हे पटत नसेल तर वाद घालू नये. सल्लागारास पहिल्या महिन्यात उधारीच्या वसुलीएवढे एकच काम द्यावे, अटी कागदावर घ्याव्यात, आणि मुलालाच त्याच्याबरोबर खतावणीशी बसवावे.