मुरलेले पाणी

पाणी निवळशंख दिसले म्हणजे ते निर्दोष असते, या भाबड्या समजुतीपायी माझ्या शंभर लिटरांच्या काचपेटीतले पाचही गोल्डफिश आठवडाभरात दगावले, आणि या प्रकरणाचा पंचनामा करू जाता आरोपी म्हणून अखेर माझेच नाव पुढे आले. ‘पाणी दोन दिवस ठेवा, मग मासे सोडा’ ही दुकानदाराची आज्ञा मी इमानेइतबारे पाळली होती. दोन दिवसांत नळाच्या पाण्यातला क्लोरिन उडून गेला असेलही. परंतु माशांच्या कल्ल्यांवाटे अहोरात्र बाहेर पडणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट लावणारे जिवाणू तेवढ्यात कोठून यावेत? चौथ्या दिवशी पाणी दुधाळले, तेव्हा मी घाबरून ते सगळे उपसले आणि फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली खसखसून धुतला. म्हणजे त्याच्या छिद्रांतून जे थोडेफार जिवाणू वस्तीला आले असतील, त्यांनाही मीच बेदखल केले.

पुढल्या खेपेस मासे न आणता, लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया घालून नुसती पेटी मुरवायची, असे ठरवले. अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू निराळे आणि त्या विषारी नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे निराळे, हे सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले होते. मला ते कळायला पाच मासे खर्ची पडले. रोज रात्री परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरून मी रंगांची नोंद ठेवू लागलो. चौदाव्या दिवशी अमोनियाचा हिरवा रंग पिवळ्यावर आला, नायट्राइटचा आकाशी जांभळा झाला, आणि मी हर्षभराने दुसरी, मग तिसरी मात्रा दिली. चौथ्या मात्रेला मात्र हिरवा रंग जो ठाण मांडून बसला, तो सहा दिवस हलेना.

बाटलीबंद जिवाणू विकत आणायला मी निघालोच होतो. जिन्यात शेजारचे निवृत्त रसायनशिक्षक भेटले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, ‘‘अहो, सामू पाहिलात का?’’ सामू पाहिला तो सहा! मग त्यांनीच पाण्याची कार्बोनेट क्षारता तपासायला लावली. पेटीतल्या पाण्यात ती जवळजवळ उरलीच नव्हती, आणि दादरच्या आमच्या नळाच्या पाण्यातही दुसऱ्याच थेंबाला निळा रंग पिवळा पडला, म्हणजे मुळात ती दोनच अंश, लिटरमागे सुमारे ३६ मिलिग्रॅम. अमोनियाचे रूपांतर होताना आम्ल निर्माण होते आणि ते शमवण्यात ही क्षारता खर्च होते. माझ्या एकेका मात्रेमागे ती सुमारे १२ मिलिग्रॅम जात होती. तीन मात्रांत खात्यावरची शिल्लक संपली, सामू घसरला आणि जिवाणूंनी काम थांबवले. जमाखर्च इतका सरळ होता, आणि मी सहा दिवस केवळ जमेची बाजू पाहत बसलो होतो.

सपाट चमचाभर खाण्याचा सोडा कपभर पाण्यात विरघळवून ओतला, तिसऱ्या दिवशी हिरवा रंग उतरला. परंतु पेटीत मासे असतील तर हा उपाय उतावीळपणे करू नये, हे मी बजावून सांगतो. सामू सातवर एकूण अमोनियातला विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, आठवर तो पाच-सहा होतो. तेव्हा मासे असताना एकदम सामू चढवणे म्हणजे निद्रिस्त विषाला जागे करणे होय. अशा वेळी क्लोरिन काढलेले, तितक्याच उष्णतेचे पाणी घेऊन रोज पाव हिस्सा बदलावा, आणि कायमची तजवीज म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांचे तुकडे ठेवावे. कोणा स्नेह्याच्या निरोगी, जुन्या पेटीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर विरजणासारखा लावावा, आठवडे वाचतात. नायट्रेटच्या चाचणीची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोराने हलवल्यावाचून थेंब टाकू नयेत, एरवी ती खोटी साक्ष देते.

एकेचाळिसाव्या दिवशी, दिलेली मात्रा चोवीस तासांत नाहीशी होऊन अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा कोठे मी दोन मासे आणले, दोनच. स्पंज आता पेटीतूनच उपसलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबून परत लावतो. घरच्या मंडळींना तो कळकट वाटतो. कामाच्या बाईंनी एकदा तो सद्भावनेने नळाखाली धरलेला दिसला, तेव्हा मी हातातला चहा सांडत मोरीपर्यंत धावलो होतो.