लेकराच्या कागदाला उशीर नको

पोरी, काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, धाकट्याचा जन्मदाखला आलाय, बाकीचं बघू निवांत." तो निवांतपणा मला खुपला. तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून उभी हयात दाखले, फेरफार आणि वारसनोंदींत गेली. कागद नाही म्हणून अडलेली माणसं पाहिली, त्याहून जास्त पाहिली ती वेळेत केला नाही म्हणून अडलेली. आमच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आमचं त्यावर भागलं. तुझ्या लेकरांचं भागणार नाही.

धाकटा अमेरिकेत जन्मला, तुमच्याकडं ग्रीनकार्ड आहे, म्हणजे तो जन्मानंच तिथला नागरिक. आईबाप भारतीय असल्यानं त्याला आपलंही नागरिकत्व घेता येतं, पण जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. तेव्हा लेकराकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं तुम्हाला लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि असं दोन्हीकडचं लेकरू 18 चं झालं की सहा महिन्यांत त्याला परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं, नाहीतर आपलं जातं. दोन्ही डगरींवर हात आपला कायदा ठेवू देत नाही.

म्हणून आधी तुम्ही दोघं बसून ठरवा. चार-पाच वर्षांत परत यायचं पक्कं असेल तर वकिलातीत नोंद करा. तिकडंच राहायचं असेल तर तिथला पासपोर्ट काढा आणि ओसीआय कार्ड घ्या. ओसीआयला लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात, ते खरं नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही. पण आजोळी यायला दरवेळी व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, हे काही थोडं नाही. वीस वर्षांचा होईपर्यंत पासपोर्ट बदलला की नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा, एवढं ध्यानात ठेव.

आता मोठीचं. ती परभणीत जन्मली, म्हणून तिची काळजी मला जास्त. ग्रीनकार्ड मिळून पाच वर्षं झाली की तुला किंवा जावईबापूंना नागरिकत्वाचा अर्ज करता येईल. पाच वर्षं भरायच्या 90 दिवस आधी तो भरताही येतो. तुमच्यापैकी एकानं शपथ घेतली, त्या दिवशी मोठी 18 च्या आत असेल, तिच्याकडं ग्रीनकार्ड असेल आणि ती त्या पालकाच्या ताब्यात, त्याच्याजवळ राहत असेल, तर ती आपोआप नागरिक होते. तिचा वेगळा अर्ज नाही, परीक्षा नाही. 27 फेब्रुवारी 2001 पासून तिकडचा कायदा असा आहे. ती 18 ची झाल्यावर तुम्ही शपथ घेतलीत, तर तिला स्वतःची वाट स्वतः चालावी लागेल. तेव्हा तुमचा अर्ज तुमच्या सवडीनं नको, तिच्या वयानं धरा. आणि आपोआप झालं म्हणून थांबू नका, लगेच तिचा पासपोर्ट काढा, तोच पुरावा. मग तिचा भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून त्याचा दाखला घ्या. ओसीआयला तो लागतो.

नावांचं सांगतो, कारण खरी रड तिथंच असते. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. मधलं नाव बापाचं, लग्नानंतर बाईचं सगळंच बदललेलं. मोठीच्या वेळी दवाखान्यानं दिलेली चिठ्ठीच आपण जन्मदाखला समजून जपली होती. नोंद 21 दिवसांत करायची, ती राहिली. नंतर काढलेल्या दाखल्यात तुझं नाव एका इंग्रजी अक्षरानं वेगळं पडलं, आणि मी स्वतः कारकून असून ते माझ्या नजरेतून सुटलं. ते अक्षर सुधारून घे, तुझ्या पासपोर्टशी आणि लग्नाच्या दाखल्याशी जुळवून. धाकट्याचाही दवाखान्यातला पावलांच्या ठशांचा कागद चालत नाही. आईबाप दोघांची नावं असलेला सरकारी, लांब नमुन्यातला दाखला मागव.

राहिली जमीन. विहिरीजवळची दोन एकर नातवंडांच्या नावानं बक्षीसपत्र करून द्यावी, असं माझ्या मनात होतं. ते जमत नाही. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाहक्कानं मात्र मिळते. म्हणून मी मृत्युपत्र करतोय आणि दुय्यम निबंधकाकडं नोंदवणार आहे. सातबाऱ्यावर पुढं कधी नाव चढवायची वेळ आली, तर मृत्युपत्रातलं नाव आणि लेकरांच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. तेव्हा दोन्ही दाखल्यांच्या आणि पासपोर्टच्या प्रती मला या आठवड्यात पाठव, मोठीचा दाखला सुधारून आला की तोही.