जुना जेसीबी परदेशी पाठवताना

फॉरवर्डरला फोन लावण्याआधी टेप घेऊन मशीन मोजा. कंपनीच्या पत्रकात छापलेल्या मापावर विसंबू नका. मालकाने नंतर बसवलेली रुंद बकेट, कॅबवर चढवलेला जास्तीचा दिवा, नीट न मिटणारा मागचा आर्म यांपैकी काहीच पत्रकात नसतं. बंदरातला सर्व्हेअर मात्र सगळ्यात बाहेर आलेल्या टोकापासून टेप लावतो आणि भाडं त्याच्याच आकड्यावर ठरतं.

महाराष्ट्रातला जुना बॅकहो, म्हणजे आपला जेसीबी, पूर्व आफ्रिकेत विकायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘मोम्बासापर्यंत किती लागतील?’ यावर कुणी फोनवरच एक गोल आकडा सांगितला, तर तो फक्त समुद्रावरचा आहे असं समजा. समुद्रावरचा खर्च एकदा मशीन नीट मोजलं की बऱ्यापैकी पक्का करता येतो. अंदाज चुकतात ते दोन्ही किनाऱ्यांवर: यार्डात, कस्टम्समध्ये आणि मशीन धक्क्यावर पडून राहिलेल्या दिवसांत.

आधी समुद्राचं पाहू. चाकावर चालत जहाजात शिरणाऱ्या मालासाठी रोरो जहाजं असतात. मुंबई बंदरातून नव्या मोटारी निर्यात होतात त्या अशाच जहाजांतून. रोरोचं भाडं वजन किंवा घनफळ यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं: एक टन म्हणजे एक युनिट, एक घनमीटर म्हणजेही एक युनिट. बांधकामाची यंत्रं आतून पोकळ आणि बाहेरून पसरलेली असल्यामुळे जवळजवळ नेहमी घनफळच जिंकतं. साधारण बॅकहो सहा मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद आणि आर्म मिटल्यावर 3.6 मीटर उंच धरला, तर 48.6 घनमीटर होतात. वजन आठ टनांच्या आत-बाहेर असलं तरी पैसे 48.6चेच. हिशेबापुरता दर घनमीटरला 60 डॉलर धरू. हा बाजारभाव नव्हे, तो महिन्यागणिक बदलतो. भाडं झालं 2,916 डॉलर. वीस टनी पोकलेन साधारण 9.4 बाय 2.8 बाय 3 मीटर, म्हणजे 79 घनमीटर आणि त्याच दराने सुमारे 4,740 डॉलर. वजन अडीचपट, भाडं मात्र दीडपटीहून थोडंच जास्त.

या गणितात तुमच्या हातात असलेली गोष्ट एकच, माप कमी करणं. आर्म नीट मिटवून किंवा वरचा भाग उतरवून उंची 30 सेंटिमीटरने घटली, तर चार घनमीटर वाचतात, म्हणजे वरच्या दराने 243 डॉलर. मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी त्यात आरामात निघते. पण उतरवलेला भाग मशीनवरच पक्का बांधता येतो का, हे आधी विचारून घ्या. सुटा नग वेगळा मोजला गेला, तर वाचवलेलं तिथेच जातं.

मशीन स्वतःच्या इंजिनावर चालतं की नाही, यावर रोरोचा दर हलतो. बंद मशीन माफी ट्रेलरवर, म्हणजे बंदरातल्या बुटक्या गाड्यावर, चढवून ओढत न्यावं लागतं आणि त्या ट्रेलरचं भाडं वेगळं असतं. बॅटरी मेलेली, ब्रेक धरत नाही, हायड्रॉलिकचं तेल गळतंय अशा अवस्थेत धक्क्यावर पोचलेलं मशीन जहाज सरळ नाकारू शकतं. म्हणून निघण्याआधी साधी सर्व्हिसिंग कराच. डिझेल पाव टाकीपेक्षा जास्त ठेवू नका आणि कॅबमध्ये सुटे पार्ट, टूलबॉक्स भरून पाठवू नका. मोकळी जागा दिसली की भरायची ही आपली जुनी खोड, पण रोरोत ते चालत नाही. शिवाय चोरीला गेलं तर भरपाईही नाही.

दुसरा मार्ग न्हावा शेव्याहून कंटेनरचा. 40 फुटी हायक्यूब कंटेनरच्या दाराची उंची 2.58 मीटर आणि रुंदी 2.34 मीटर. बॅकहोची रुंदी मावते, पण कॅब मावत नाही. ती खोलायची तर तिकडे जोडणारा माणूसही हवा. दोन-अडीच टनी मिनी पोकलेन, कॉम्प्रेसर, छोटे रोलर यांना मात्र कंटेनरच परवडतो, कारण एकात दोन-तीन नग बसतात आणि जहाजंही वारंवार मिळतात. मोठ्या मशीनला फ्लॅट रॅक लागतो. माल रॅकच्या वर गेला की त्यावर दुसरा कंटेनर ठेवता येत नाही. त्या वाया गेलेल्या जागेचे पैसे शिपिंग लाइन तुमच्याकडून घेते आणि कोटेशनमधला तो आकडा पाहून अनेकजण परत रोरोकडे वळतात. कंटेनरसाठी आणखी दोन गोष्टी लागतात: 1 जुलै 2016 पासून सक्तीचं झालेलं भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, आणि चाकांखाली ठोकायच्या लाकडी ठोकळ्यांवर आयएसपीएम 15चा शिक्का. बिनशिक्क्याचं लाकूड तिकडच्या बंदरात अडकतं. धूर देऊन घ्या, नाहीतर परत न्या, असे पर्याय मग समोर येतात आणि दोन्ही महाग.

आता अलीकडचा किनारा. आयात-निर्यात कोड नसेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर मिळतो, फी 500 रुपये. निर्यातीवर जीएसटी भरावा लागू नये म्हणून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, आधीच दाखल करा. परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या तुमच्या बँकेचा एडी कोड ज्या बंदरातून माल जाणार त्याच बंदराला जोडलेला हवा. तो न्हावा शेव्याला जोडलेला आणि जहाज मात्र मुंबईचं, अशी गफलत झाली तर शिपिंग बिल निघत नाही.

मालकीचे कागद जास्त वेळ खातात. चाकावरचा बॅकहो आरटीओत नोंदलेला असतो. त्यावर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवायचा आणि मग आरटीओची मोकळीक मिळवायची. हे काम आठवड्यावर जाऊ शकतं, म्हणून जहाजाची जागा बुक करण्याआधी सुरू करा. साखळीवरच्या पोकलेनला बहुधा नंबरप्लेट नसते. तिथे मूळ खरेदीचं बिल हाच पुरावा, त्यामुळे जुन्या मालकांची बिलांची साखळी तुटलेली नाही ना, ते पाहा. किमतीबद्दल कस्टम्सने शंका काढली तर चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन उपयोगी पडतं, आणि परदेशातला ग्राहकही ते मागतो.

सांगली-सोलापूरहून बंदरापर्यंत लोबेड ट्रेलर लागतो. बॅकहोची रुंदी नियमात बसते. पोकलेनची 2.6 मीटरच्या वर गेली की तो ओव्हरडायमेन्शन माल होतो आणि परवानगी काढावी लागते. मुंबईत अवजड वाहनांना बंदीचे तास आहेत. ट्रेलर रात्रभर उभा राहिला तर त्याचं हॉल्टिंग कुणी द्यायचं, हे भाडं ठरवतानाच ठरवा. पावसाळ्यात यात एखादा दिवस सहज वाढतो. धुलाईचा खर्चही इथेच धरा. बकेटच्या सांध्यात, साखळीत अडकलेली माती प्रेशर वॉशरने काढायची. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला माल जाणार असेल तर मातीचं ढेकूळही चालत नाही, तिथले तपासनीस मशीन परत धुवायला लावतात आणि ते बिल त्यांच्या चलनात येतं.

पलीकडच्या किनाऱ्यावर काय भरावं लागेल, हे विकणाऱ्याने पाहायचं नसतं असं मानणारे व्यापारी बरेच आहेत. पण ग्राहकाला तिथे झटका बसला की तो माल सोडवत नाही आणि तुमचे राहिलेले पैसे अडकतात. केनियात कर मशीनची किंमत, भाडं आणि विमा धरून लागतो. तिथला व्हॅट 16 टक्के, टांझानिया-युगांडात 18. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या 2,916 डॉलर भाड्यावर केनियात आणखी 466 डॉलर व्हॅट चढतो. उंची चुकीची मोजली तर ती चूकसुद्धा कराला पात्र! इम्पोर्ट डिक्लेरेशन फी आणि रेल्वे विकास शुल्क वेगळं.

एचएस कोडही नीट पाहून टाका. बॅकहो 8429मध्ये येतो, यंत्रांच्या 84व्या प्रकरणात. टिपर, ट्रान्झिट मिक्सर, ट्रकवरची क्रेन 87व्या प्रकरणात म्हणजे वाहनांत. वाहनांना वयाची अट लागते: केनियात आठ वर्षांपेक्षा जुनं वाहन उतरवता येत नाही, युगांडात 15 वर्षांची मर्यादा आहे. दोन्हीकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालत असल्यामुळे आपल्या स्टीअरिंगची अडचण नाही, अडचण होते ती उत्पादनवर्षाची. मशीन निघण्याआधी इकडेच करून घ्यायची पीव्हीओसी, म्हणजे माल तिकडच्या मानकांत बसतो का याची तपासणीही विसरू नका. ती इथे राहिली तर तिथे दंडासकट होते.

विमा कुणी काढायचा? केनियात आयातीचा सागरी विमा तिथल्याच कंपनीकडून घ्यावा असा नियम 2017 पासून लागू झाला, म्हणून तिथे सीआयएफपेक्षा (किंमत, विमा, भाडं) सीएफआरवर (किंमत, भाडं) सौदा करणं सोयीचं. इतर देशांसाठी किंमत आणि भाडं मिळून त्यावर 10 टक्के जास्त धरून विमा काढण्याची पद्धत आहे. जुन्या मशीनला विमा कंपन्या सहसा ‘सी’ कलमाचंच संरक्षण देऊ करतात. जहाज बुडालं, जळलं तर भरपाई मिळते, पण चोरी, ओरखडे, गंज यांची नाही. तरीही तो काढाच, कारण जनरल अॅव्हरेज त्यात धरलेलं असतं. जहाज वाचवायला झालेला खर्च जहाजावरच्या सगळ्या मालकांनी वाटून घ्यायचा, असा हा जुना सागरी नियम. मार्च 2021मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं, तेव्हा तो लागू झाला. कंटेनरला धक्काही न लागलेल्यांना हमी दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

कोटेशन एकरकमी घेऊ नका, ओळीओळीने मागा: भाडं, इंधन अधिभार, इकडचं टीएचसी (टर्मिनलवरची हाताळणी) आणि वाहतूक, बीएल (बिल ऑफ लेडिंग) फी, लॅशिंग (माल बांधणं), सीएचए म्हणजे कस्टम्स एजंटची फी. भाडं लायनर टर्म्सवर आहे की फ्री आउट, हे लिहून घ्या. फ्री आउट असेल तर जहाजातून उतरवण्याचे पैसे तिकडे वेगळे द्यावे लागतात आणि स्वस्त कोटेशनचं रहस्य बहुधा तेच असतं. डॉलरचं रुपयांत रूपांतर लाइन स्वतःच्या दराने करते आणि तो बँकेच्या दरापेक्षा चढा असतो, तोही विचारा. मुंबईहून मोम्बासाच्या वाटेवर तांबडा समुद्र लागत नाही, तेव्हा त्याच्या नावाचा अधिभार कोटेशनमध्ये दिसला तर नकाशा काढून बसा. तिकडच्या बंदरात फुकटचे दिवस किती आणि त्यानंतर रोजचं ग्राउंड रेंट किती, हा प्रश्न मात्र भाड्याच्याही आधी विचारा. कंटेनर असेल तर लाइनचं डिटेन्शन त्याहून वेगळं चालू होतं. कम्पालाला जाणारा माल मोम्बासाहून रस्त्याने अकराशेहून जास्त किलोमीटर जातो, रिकामा कंटेनर परत येईपर्यंत ते मीटर थांबत नाही.

सगळे पैसे खात्यात जमा होईपर्यंत मूळ बीएल हातातून सोडू नका. पैसे पाठवल्याची पावती म्हणून ग्राहकाने धाडलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत, तुमच्या बँकेने होकार दिल्यावरच टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ बीएलविना माल सोडण्याची परवानगी, द्या. बीएलचा मसुदा आला की आरसीची प्रत समोर ठेवून चेसिस नंबरचा एकेक आकडा जुळवा. जहाज सुटण्याआधीची दुरुस्ती बहुधा फुकट होते, नंतरच्या दुरुस्तीला फी पडते. आणि ती होईपर्यंत तिकडचं ग्राउंड रेंट चालूच राहतं.